एकट्या स्त्रीची साक्ष



आज ज्या विषयावर मी आपणांशी बोलणार आहे, तो विषय आपल्या घरांतून मोठ्याने बोलला जात नाही. स्त्रीवर अत्याचार झाला आणि तो पाहणारा दुसरा कोणी नसला, तर तिच्या एकटीच्या शब्दाला न्यायालयात काय किंमत आहे, हा तो विषय होय. असा प्रसंग ओढवलेले कुटुंब वकिलाकडे येते तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, साक्षीदार तर कोणीच नाही, केस उभी तरी राहील काय?" पुष्कळ कुटुंबे तर हा प्रश्न वकिलापर्यंत नेतही नाहीत. ती आपले आपणच 'नाही' असे उत्तर देतात आणि मुलीला गप्प बसवितात. ते उत्तर कायद्याच्या दृष्टीने चुकीचे आहे. हे मला आज आपल्या मनावर ठसवावयाचे आहे, आणि त्याचबरोबर आपल्या हातून खटला कोठे बिघडतो तेही सांगावयाचे आहे.

शब्दाची किंमत कोणी आणि कशी ठरवावयाची, हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी जिचे दहन झाले, त्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारांची प्रतवारी लावलेली आहे. निर्लोभ असा एक पुरुष साक्षीस चालेल. परंतु पुष्कळ स्त्रिया, त्या शुद्ध आचरणाच्या असल्या तरी, चालणार नाहीत. कारण स्त्रीची बुद्धी स्थिर नसते, असा तेथील दंडक आहे. म्हणजे साक्ष कशी आहे हे पाहावयाचे नाही, ती देणारा कोण आहे हे पाहावयाचे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने हा दंडक नाकारला. कोणतीही गोष्ट शाबीत करण्यासाठी साक्षीदारांची अमुक एक संख्या लागणार नाही, असे त्या कायद्याच्या १३४ व्या कलमात स्पष्ट लिहिलेले होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. हाच नियम त्याच्या १३९ व्या कलमात जसाच्या तसा आहे. साक्षी मोजावयाच्या नसून तोलावयाच्या असतात, असा याचा अर्थ होय.

मग अत्याचाराच्या खटल्यात स्त्रीच्या साक्षीला दुजोरा हवाच, ही समजूत आली कोठून? ती पुष्कळ अंशी इंग्लंडातून आली. सतराव्या शतकातील तेथील एक न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी असे लिहून ठेवले होते की, बलात्काराचा आरोप करणे सोपे आणि तो खोडून काढणे निरपराध मनुष्याला कठीण. त्यांच्या या मताचा पगडा इंग्लंडातील आणि त्यांच्या साम्राज्यातील न्यायालयांवर शतकानुशतके राहिला. गुन्ह्यात सामील असलेल्या माफीच्या साक्षीदाराचा शब्द जसा दुजोऱ्यावाचून घेऊ नये, तसाच अत्याचार झालेल्या स्त्रीचाही घेऊ नये, अशी वहिवाट त्यातून पडली. जिच्यावर गुन्हा घडला तिलाच गुन्ह्याच्या भागीदाराच्या रांगेत बसविणारी ही वहिवाट होती. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला कोणी चोराचा साथीदार मानीत नाही. हा न्याय केवळ स्त्रीच्याच वाट्याला आला.

या वहिवाटीस आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रारंभीच मर्यादा घातली. रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी हा प्रश्न तपासला. हे न्यायमूर्ती पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. प्रकरण आठ वर्षांच्या एका बालिकेचे होते. दुजोरा हा कायद्याचा हुकूम नव्हे. ती सावधगिरीची एक रीत आहे. न्यायाधीशाने ती ध्यानी ठेवावी, परंतु एखाद्या प्रकरणात तिची गरज नाही असे वाटल्यास दुजोऱ्यावाचूनही शिक्षा देता येते, असे त्यांनी सांगितले. त्याच निकालातील दुसरा मुद्दा प्रत्येक आईने लक्षात ठेवावा. मुलीने घटनेनंतर लवकरच आईला जे सांगितले, तेही दुजोरा म्हणून चालते. म्हणजे मुलगी पहिल्यांदा ज्या व्यक्तीपाशी बोलते, ती व्यक्ती न्यायालयाच्या दृष्टीने महत्त्वाची साक्षीदार होते. ती व्यक्ती बहुधा आपल्याच घरातील असते.

कायदा असा असूनही न्यायाधीशाच्या मनातील तराजू लगेच सरळ झाला नाही. त्याचे उदाहरण आपल्याच विदर्भातील आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन, पोरक्या, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. १९७४ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सोडून दिले. मुलगी खोटारडी आहे आणि तिला पूर्वीपासून शरीरसंबंधाची सवय आहे, असा शेरा तेथे मारला गेला. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरविला. भीतीपोटी निमूट होणे म्हणजे संमती देणे नव्हे, हे त्या खंडपीठाने ओळखले आणि शिक्षा दिल्या. परंतु १९७८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरडा केलेला दिसत नाही, या गोष्टींवर तेथे भर दिला गेला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. रात्रीची वेळ, पोलीस ठाण्याचे दार बंद, आत गणवेशातील पुरुष, आणि समोर जिचे आईबाप हयात नाहीत अशी मजूर मुलगी. तिने कोणाच्या नावाने ओरडावयाचे होते? ज्यांना हाक मारावयाची तेच तेथे उभे होते.

पुढील वर्षी, १९७९ च्या सप्टेंबरात, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. संमती आणि शरणागती यांत कायदा भेद करतो, मग न्यायालयाने तो का केला नाही, असा त्यांचा रोकडा सवाल होता. १९८० साली देशभर स्त्रियांचे मोर्चे निघाले. परिणामी १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस कोठडी, तुरुंग, रुग्णालय अशा ठिकाणी अधिकारी मनुष्याने केलेल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध शाबीत झाला आणि "माझी संमती नव्हती" असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे नवे कलम पुरावा कायद्यात आले. आज ती तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या १२० व्या कलमात आहे. देसाईगंजच्या त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही. परंतु तिच्या मागून आलेल्या प्रत्येक स्त्रीला तिच्या दुःखातून एक हत्यार मिळाले.

त्याच १९८३ साली भरवाडा भोगिनभाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, दुजोरा नाही म्हणून अत्याचारित स्त्रीवर अविश्वास दाखविणे म्हणजे जखमेवर अपमानाची भर घालणे होय. हा निकाल स्वागतार्ह आहे. मात्र त्यातील एका युक्तिवादाकडे आपण डोळसपणे पाहिले पाहिजे. भारतीय स्त्रीला अब्रू इतकी प्रिय असते की ती असा आरोप खोटा करणार नाही, असा त्या युक्तिवादाचा रोख आहे. हा आधार दिसावयास आपल्या बाजूचा असला तरी तो कच्चा आहे. कारण स्त्रीचा शब्द तिच्या अब्रूवर तोलावयाचा असे एकदा ठरले, की जिला समाज 'अब्रूदार' म्हणत नाही तिचा शब्द हलका ठरतो. गावकुसाबाहेरच्या स्त्रीला, शेतमजूर स्त्रीला, घटस्फोटितेला समाजाने अब्रू केव्हा देऊ केली होती? राजस्थानातील भटेरी गावी १९९२ साली बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या एका मागास जातीच्या साथिणीवर सामूहिक अत्याचाराचा आरोप झाला. १९९५ साली तेथील न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला शिवणार नाहीत, अशी विचारसरणी त्या निकालामागे असल्याबद्दल देशभर संताप व्यक्त झाला. शिवाशिवीचा नियम दिवसा पाण्यासाठी पाळणारे रात्री तो पाळतात की नाही, हे आपल्या आयाबहिणींना विचारावयास नको. सबब, स्त्रीच्या साक्षीचा आधार अब्रू हा नसावा. ती या देशाची नागरिक आहे आणि संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाप्रमाणे कायद्यापुढे समान आहे, हाच असावा.

पुढील निकालांनी हा मार्ग अधिक पक्का केला. नागपूर येथील एका पोलीस उपनिरीक्षकाविरुद्धच्या खटल्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अत्याचारित स्त्री ही गुन्ह्यातील साथीदार नव्हे. जखमी साक्षीदाराच्या शब्दाला जे वजन तेच तिच्या शब्दाला. पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग या १९९६ च्या निकालात दहावीच्या परीक्षेस बसलेल्या मुलीच्या चारित्र्यावर खालच्या न्यायालयाने मारलेले शेरे सर्वोच्च न्यायालयाने कठोर शब्दांत नापसंत केले. फिर्यादीस झालेला विलंब समजून घ्यावा, किरकोळ विसंगतींवरून संपूर्ण साक्ष फेकून देऊ नये, खटला बंद दालनात चालवावा, असे त्यात बजावले आहे. स्त्री 'सर्वसाधारणपणे अनैतिक' आहे असे दाखवून तिची साक्ष मोडण्याची मुभा पुरावा कायद्यात होती; ती २००२ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. तिचे पूर्वीचे संबंध संमतीच्या प्रश्नात गैरलागू आहेत, असे २०१३ च्या दुरुस्तीने ठरविले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हेही आता कायद्यातच लिहिलेले आहे. वैद्यकीय तपासणीतील 'दोन बोटांची चाचणी' २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली, आणि २०२२ साली ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे सांगितले.

२०२१ सालचा एक निकाल आपल्या कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावा. आंध्र प्रदेशातील अनुसूचित जातीच्या एका जन्मांध तरुणीने आपल्यावर अत्याचार करणाऱ्यास त्याच्या आवाजावरून ओळखले. दृष्टी नाही म्हणून तिची ओळख कमी दर्जाची ठरत नाही, असे सांगून पाटण जमाल वली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम केली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा मात्र टिकली नाही. कारण गुन्हा तिच्या जातीमुळेच घडला, असा पुरावा त्या वेळच्या कायद्यास हवा होता आणि तो नोंदीवर आलेला नव्हता. ही अट आता बदलली आहे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, ती स्त्री अनुसूचित जातीची अथवा जमातीची आहे हे आरोपीला ठाऊक असणे पुरेसे आहे. आणि आरोपी तिला अथवा तिच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला ते ठाऊक होते असे न्यायालय गृहीत धरते. येथे एक शंका मला वारंवार विचारली जाते : "आम्ही बौद्ध झालो, आता हा कायदा आमचा राहिला काय?" होय, राहिला. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला आहे. अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्या कुटुंबाने या कायद्याखाली फिर्याद नोंदविण्यास कचरू नये; जातीच्या दाखल्याची प्रत तपास अधिकाऱ्याकडे आरंभीच द्यावी.

आता नाण्याची दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. एकटीची साक्ष पुरेशी आहे याचा अर्थ आरोप केला की शिक्षा झालीच, असा नव्हे. आरोपी निर्दोष आहे असे मानूनच खटला चालतो, आणि ते आपल्याही हिताचे आहे. खोट्या आरोपाखाली गोवले जाणारे तरुण पुष्कळदा गरिबांच्याच वस्तीतील असतात. केवळ एका साक्षीवर शिक्षा द्यावयाची तर ती साक्ष निर्भेळ असली पाहिजे, पहिल्या फिर्यादीपासून उलटतपासणीपर्यंत तिचा गाभा एकच राहिला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले. न्यायाधीशाला शंका वाटली तर त्याने इतर पुराव्यात आधार शोधावा. हा नियम न्याय्य आहे.

या नियमातूनच आपल्यासाठी सर्वांत मोठा धडा निघतो. असे खटले केवळ साक्षीदार नसल्यामुळे पडत नाहीत. खऱ्या गोष्टीला जोड दिल्यामुळेही ते पडतात. मुलगी सांगते एक मनुष्य होता. शेजारचा पुढारी म्हणतो, त्याच्या भावाचेही नाव घाला म्हणजे केस मजबूत होईल. मुलीची त्या मनुष्याशी पूर्वी ओळख असते. घरचे म्हणतात, ओळख होती हे सांगू नकोस, अब्रू जाईल. मग उलटतपासणीत ती ओळख बाहेर येते, भाऊ त्या दिवशी परगावी होता हे सिद्ध होते, आणि त्या दोन खोट्या ओळींखाली तिचे संपूर्ण सत्य गाडले जाते. ओळख असणे हा गुन्हा नव्हे, आणि ओळख म्हणजे संमतीही नव्हे. जे झाले ते झाले तसे सांगावे. त्यात एक अक्षर घालू नये, एक अक्षर काढू नये. आठवत नसेल तर "आठवत नाही" असे म्हणावे. सत्याला आपल्या शहाणपणाची मदत लागत नाही.

म्हणून असा प्रसंग आलाच तर पुढील गोष्टी ध्यानी ठेवा. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "आमची हद्द नाही" हे उत्तर कायद्यास मान्य नाही. फिर्याद स्त्री अधिकाऱ्याने नोंदवावयाची असते. अशी खबर नोंदविण्यास नकार देणारा पोलीस अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र होतो. फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून घ्या, अथवा विश्वासू माणसाकडून वाचवून घ्या. तिने सांगितलेले महत्त्वाचे काही राहिले असेल तर सहीपूर्वी घालावयास सांगा. तिची प्रत विनामूल्य मिळते, ती जपून ठेवा. विलंब झाला असेल तर त्याचे खरे कारण फिर्यादीतच लिहवा : धमकी होती, मुलगी बोलत नव्हती, गावकऱ्यांनी अडविले, जे असेल ते. तेव्हाचे कपडे धुऊ नका. कागदात गुंडाळून पोलिसांच्या हवाली करा आणि पंचनाम्यात त्यांची नोंद झाली आहे हे पाहा. वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीने व्हावयाची असते. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने उपचार विनामूल्य दिले पाहिजेत. तिचे नाव छापणे अथवा ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. हा नियम आपल्या सहानुभूतीच्या पत्रकांनाही लागू आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तो वकील सरकारी वकिलास न्यायालयाच्या परवानगीने साहाय्य करू शकतो.

आणि तडजोड? गावातील वजनदार मंडळी घरी येतील, पैसे पुढे करतील, कधी लग्नाचाही प्रस्ताव आणतील. बलात्काराचा गुन्हा आपसांत मिटविता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी अशी जामिनाची अट एका उच्च न्यायालयाने घातली होती. ती २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि तडजोड वा विवाह न्यायाधीशांनीही सुचवू नये असे बजावले. जे न्यायाधीशाला करता येत नाही, ते पंचांना कोठून करता येणार?

शेवटी एवढेच सांगतो. मुलीची साक्ष न्यायालयात पोहोचण्यापूर्वी तिचा एक न्यायनिवाडा आपल्या घरात होतो. "तू तेथे गेलीसच कशाला?" हा आपला पहिला प्रश्न असेल, तर पहिली उलटतपासणी आरोपीच्या वकिलाने नव्हे, आपणच घेतली असे होईल. "सांग बाळ, आम्ही ऐकतो" असे म्हणालात, तर तिच्या साक्षीचा पाया तेथेच घातला जाईल. कायद्याने तिचा एकटीचा शब्द ऐकण्याचे मान्य केले आहे. तो शब्द घराच्या उंबऱ्याबाहेर पडू देणे, न मोडता आणि न सजवता, हे काम मात्र कोणताही कायदा आपल्यावतीने करणार नाही. ते आपले आहे.